सहा भाषांच्या यादीत आपण कुठे?

२०२५ च्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बेळगावातल्या एका सभागृहात मी अध्यक्ष म्हणून बसलो होतो. माझ्याआधी चार वक्ते बोलले आणि चौघांनी मिळून एकच आरोपी उभा केला : मुलांच्या हातातला खेळ. या खेळाने वाचन संपवले, या खेळाने घरातली मराठी बाटवली, या खेळाने पोरे मुकी केली. टाळ्या पडल्या. अध्यक्षीय समारोपात पाचवा दगड मी मारला आणि सर्वांत जास्त टाळ्या मला पडल्या. ते भाषण मी या अंकातून परत घेत आहे.

कारण साधे आहे. ज्या वस्तूला मी शिव्या घातल्या ती तोवर मी हातात धरली होती ती फक्त जप्त करून कपाटात टाकण्यापुरती. न वाचलेल्या पुस्तकावर दोन पाने उत्तर लिहिणाऱ्या मुलाला तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी पास केलेले नाही. स्वतःला मात्र केले.

मे महिन्यात बहीण आणि भाचा बेंगळूरहून आले. भाचा बारा वर्षांचा. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. मराठी त्याला समजते सगळी, बोलतो निम्मी, वाचतो अडखळत. त्याच्या जर्मनीतल्या काकांनी स्वतः वापरलेले एक जुने यंत्र त्याला दिले होते. निन्टेंडो डीएस हे त्याचे नाव. २००४ साली ते बाजारात आले, जगभर पंधरा कोटींहून अधिक खपले. आता नवे मिळत नाही. कंपासपेटीसारखे उघडते. वर एक पडदा, खाली एक, आणि खालच्या पडद्याला स्पर्श कळतो. बाजूला खोचलेली एक लेखणी, पाटीवरच्या पेन्सिलीएवढी. खेळ असतो तो काडेपेटीहून लहान अशा चपट्या तुकड्यात. त्या दिवशी आत होता २००७ सालचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : फँटम आवरग्लास’. आवरग्लास म्हणजे वाळूचे घड्याळ.

यंत्र सुरू केले तर सगळी अक्षरे जर्मन. काकांनी तशीच ठेवलेली. भाच्याने दोन ठिकाणी टोचून भाषांची यादी काढली. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन.

वाचकहो, सीमाभागातल्या माणसाला याद्या वाचण्याची खोड असते. बसची पाटी असो, मतदारयादी असो, कचेरीतला छापील अर्ज असो, आपली नजर आधी एकच गोष्ट शोधते. माझीही नजर त्या सहा नावांवरून सवयीने खाली घसरली आणि पडद्याच्या कडेला जाऊन थांबली. कन्नडही नव्हती. दुकानांच्या पाट्यांवरून ज्या दोन भाषांत इथे दरवर्षी वाद पेटतात त्या दोघीही या दाराबाहेर शेजारी शेजारी उभ्या होत्या. भाच्याने इंग्रजीवर टोचले आणि तो खेळायला लागला. त्याने काही शोधले नव्हते, त्यामुळे त्याला काही सापडले नाही असेही झाले नाही. मला त्या क्षणी जे टोचले ते हेच.

आता खेळाकडे. लिंक नावाचा एक मुलगा. त्याची मैत्रीण टेट्रा एका भुताच्या जहाजावर चढते आणि नाहीशी होते. तो समुद्रात पडतो आणि एका अनोळखी बेटाला लागतो. पुढे बेटामागून बेटे, कोडी, भुयारे. पण मारामारी सुरू होण्याआधीच एक बंद दार लागते. बाहेर किनाऱ्यावर ताडामाडासारखी किती झाडे आहेत ते मोजून ये आणि तो आकडा या दारावर लिही, असे ते दार म्हणते. भाचा मोजून आला. मीही मोजली. सात. ‘मामा, तुम्ही लिहा,’ म्हणून त्याने लेखणी माझ्या हाती दिली.

मी वळणदार अक्षरात ७ लिहिला. दार उघडले नाही. पुन्हा लिहिला, जरा मोठा. नाही. ‘मामा, तो मराठी सात आहे,’ भाचा म्हणाला, आणि माझ्या हातातून लेखणी घेऊन त्याने एक आडवी आणि एक तिरपी रेघ मारली. दार उघडले.

एम.ए. झालेला, तीस वर्षे शिकवलेला माणूस एका दाराला अशिक्षित ठरला. शून्यासह दहा अंक या देशातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेले हे मी दरवर्षी नववीला सांगतो. दारासमोर ते सांगून उपयोग नव्हता.

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी पाऊण तास मी त्याच्याशेजारी बसलो. आईची कुरकुर चालूच : ‘पोराचे डोळे जातील की रे! आणि तू मास्तर असून शेजारी बसलायस!’ तिलाही एकदा दाखवले. तिने विचारले, ‘त्या पोरीचं पुढं काय झालं?’ भुताच्या जहाजावरची पोरगी तिला लागून राहिली होती.

या तीन आठवड्यांत मी काय पाहिले? मुलगा वाचत होता. बेटावरचा प्रत्येक माणूस काहीतरी बोलतो आणि त्याचे बोलणे अक्षरांत उमटते. ते नीट वाचले नाही तर पुढचे कोडे सुटत नाही. मुलगा टिपणे काढत होता. वरच्या पडद्यावरचा नकाशा खाली ओढून त्यावर लेखणीने लिहिता येते, आणि लिहिले नाही तर फजिती होते. समुद्राच्या राजाच्या देवळात पुन्हा पुन्हा उतरावे लागते. वाळूचे घड्याळ सुरुवातीला दहा मिनिटांचे; वाळू संपली की जीव जाऊ लागतो. तिथले पहारेकरी तलवारीने मरत नाहीत. नायकाला लपावे लागते, त्यांच्या फेऱ्यांची वेळ ध्यानात ठेवावी लागते, नकाशावर वाटा आखाव्या लागतात. भाचा अकरा वेळा हरला. बाराव्या वेळी आपणच खुणावलेल्या वाटेने गेला. टिपणे काढा म्हणून माझा दहावीचा वर्ग गेली कित्येक वर्षे माझी बोलणी खातो आहे.

एके ठिकाणी वरच्या पडद्यावर एक चिन्ह आहे आणि ते खालच्या नकाशावर उमटवायचे आहे. लेखणीने काही होईना, फुंकून होईना, ओरडून होईना. अर्धा तास गेला. आईने जेवायला तिसरी हाक मारली तेव्हा भाच्याने वैतागून झाकण खाडकन मिटले. जेवून येऊन उघडले, तर ठसा नकाशावर उमटलेला! ओली शाई असलेल्या वहीची दोन पाने एकमेकांवर मिटावीत तसे ते होते. झाकण मिटणे हेच उत्तर. मी मनापासून हसलो. ज्याने हे कोडे रचले त्याने मुलाच्या वैतागाचाही विचार केला होता. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या मागचे स्वाध्याय रचणाऱ्यांपैकी कोणी तो केल्याचे मला आठवत नाही, आणि काही वर्षे त्या रचणाऱ्यांत मीही होतो.

आणखी एक प्रसंग सांगतो. एका बेटावर एक कारागीर समुद्राच्या तळातून पेट्या वर काढण्याचा यंत्राचा हात विकतो. किंमत ऐकून आपण यंत्रापाशी तोंड नेऊन ओरडायचे. जितके जोरात ओरडाल तितकी किंमत कमी. मी मराठीत ओरडलो, ‘अरे, जरा कमी कर की!’ किंमत उतरली. मला क्षणभर अभिमान वाटला. मग लक्षात आले, यंत्र फक्त आवाजाची पट्टी मोजते, शब्दाशी त्याला कर्तव्य नाही. दारावर मराठी लिहिले तर उघडत नाही, कानाशी मराठी ओरडलो तर चालते. गेल्या कित्येक वर्षांत आपण मराठी मंडळींनी जे साधले आहे त्याचे इतके नेमके चित्र मला कोणत्याही परिसंवादात दिसलेले नाही.

खेळात लाइनबेक नावाचा एक कप्तान आहे. बढाया फार. जहाज त्याचे, तोरा त्याचा. पण भुयारात उतरायची वेळ आली की हा काठावर थांबतो आणि पोराला पुढे पाठवतो. वर, पोर उशिरा आले की त्यालाच बोलतो. मला हा माणूस फार ओळखीचा वाटला. २७ फेब्रुवारीला तो अध्यक्षांच्या खुर्चीवर बसला होता.

माझे सहकारी आणि त्या दिवशीचे वक्ते यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. खेळाचे व्यसन लागते. लागते, नाकारतो कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, या विकाराची नोंदच आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गोळ्या झाडणारी आणि सकाळी प्रार्थनेला पेंगणारी मुले माझ्या शाळेत आहेत. बापाच्या खात्यातून पैसे उडवणारा एक मुलगाही मी पाहिला. पण तमाशाचा फड, कीर्तन आणि जुगाराचा अड्डा या तिन्ही ठिकाणी माणसे रात्री जागतात म्हणून तिन्ही एकच, असे कोणी म्हणत नाही. मी सांगतो आहे त्या खेळात मध्येच जाहिरात येत नाही, पैसे मागितले जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे तो संपतो. गोष्टीसारखा. संपणारी वस्तू आणि कधीच न संपणारी वस्तू यांत फरक न करता दोघींना एकाच काठीने बडवणे हा आळस आहे, आणि तो आपण संस्कृतिरक्षणाच्या नावावर खपवतो.

मी आठवीत होतो तेव्हा बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचताना पकडला गेलो. गुरुजींनी हातावर पाच छड्या दिल्या आणि असल्या पुस्तकांनी तुझी मराठी नासेल म्हणाले. नासली नाही. त्या पुस्तकांनीच मला झरझर वाचायला शिकवले; पुढे ज्ञानेश्वरीपर्यंत जाण्याचे पाय तिथे तयार झाले. मराठी कादंबरीचे बालपणही काही केवळ समाजप्रबोधनात गेलेले नाही. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, आणि दोन्हींत अद्भुताचा सुकाळ. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताला अरबी गोष्टी मराठीत आणण्यात कमीपणा वाटला नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि त्याच हाताने फास्टर फेणेही लिहिला. व्हर्नने फ्रेंचमध्ये का लिहिले म्हणून ते सभा भरवत बसले नाहीत.

या माणसांच्या काळी साहस छापील पानांत राहत होते, म्हणून त्यांनी तिथे मराठी नेली. आता साहसाचे बरेचसे बिऱ्हाड पडद्यावर हलले आहे. आपण मात्र जुन्या घराच्या ओट्यावर बसून पोरे इकडे येत नाहीत म्हणून रडतो आहोत.

त्या यादीत इटालियन का आहे? इटलीची वस्ती सहा कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. म्हणजे डोकी मोजून ही यादी झालेली नाही. इटालियन मूल इटालियन मागते, त्याचा बाप इटालियन नसेल तर विकत घेत नाही, म्हणून विकणाऱ्याला पदरमोड करून भाषांतर करणे भाग पडते. त्या कंपनीवर माझा राग नाही. ज्याने मागितलेच नाही त्याला कोण वाढील? आणि अक्षरांची सबब तर सांगूच नये. देवनागरीला संगणकाच्या जागतिक लिपिसंचात, युनिकोडमध्ये, १९९१ पासून जागा आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच शिक्षकसभेत मी सर्वांना आपापले मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितले. आजच्या मोबाइलमध्ये मराठीची सोय असते. यादीत नाव आहे, फक्त टोचायचे. आम्ही एकोणीस जण. मराठी माध्यमाचे शिक्षक, त्यांतले चार मराठी विषयाचे. मराठीत चालणारे मोबाइल निघाले दोन. एक चित्रकलेच्या सरांचा आणि दुसरा आमच्या शिपायाचा. मुख्याध्यापकाचा इंग्रजीतच होता. ‘सर, मराठीतले शब्द फार अवघड वाटतात हो,’ एक बाई म्हणाल्या. खरे आहे. त्या शब्दांची सवय व्हायला ते वापरावे लागतात, आणि वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या तरच ते सुधारतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच सभेत आम्ही पेढे खाल्ले होते.

इथे एक गोष्ट लपवली तर हा सगळा लेख खोटा होईल. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक. दर मे महिन्यात घरोघर जाऊन, पायऱ्या झिजवून, पालकांना पोरे आमच्या शाळेत घाला म्हणून विनवतो. एका घरी एका बाईने मला पाणी देता देता विचारले होते, ‘सर, तुमची मुलगी कुठल्या शाळेत होती?’ मी ते पाणी प्यालो आणि उठलो. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, माझ्याशी मराठीतच बोलते, संदेश मात्र इंग्रजी अक्षरांत पाठवते. तिच्या हातात लहानपणी कोणताही खेळ नव्हता. घेऊ दिला नव्हता मी. तेव्हा मराठी कोणी मारली या चौकशीत खेळाला साक्षीला बोलावायचे असेल तर बोलवा. आरोपीच्या पिंजऱ्यात आधी मला उभे करा.

भाचा जाण्याच्या आदल्या रात्री मी ते यंत्र उघडून त्याचा नकाशा पाहिला. दार मराठी आकडा घेत नाही, पण नकाशाला काहीही चालते; त्यावर काय लिहिले आहे ते यंत्र वाचत नाही. पहिल्या आठवड्यात भाच्याच्या सगळ्या खुणा इंग्रजीत होत्या. पुढे मी शेजारून बोलत असे, ‘इथे भूत येतं रे, लिहून ठेव’, आणि तो ऐकलेले तसेच लिहीत गेला असावा. देवळाच्या नकाशावर वाकड्या देवनागरीत लिहिले होते : ‘भुत’, ‘लप’, ‘चावी’, आणि एका कोपऱ्यात बाण काढून ‘मामा चूकला’. भुताचा उकार ऱ्हस्व, चुकण्याचा दीर्घ. एरवी माझा हात लाल पेनाकडे गेला असता. मी झाकण मिटले.

ऑगस्टमध्ये आमच्या भागातल्या एका वाङ्मयीन मंडळाची बैठक झाली. मी तिथला जुना सभासद. मी ठराव मांडला : पुढच्या गौरव दिनाचे हारतुरे, फलक आणि अल्पोपाहार यांवर होणारा खर्च वाचवून पंचवीस हजार रुपये बाजूला काढावेत आणि मुलांसाठी एक छोटा मराठी साहसखेळ तयार करून घ्यावा. गावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, घराघरात संगणक शिकलेली पोरे आहेत, त्यांतली कित्येक माझ्याच शाळेची. गोष्ट आपण लिहू. राजहंसगडावरून सुरुवात करू, पावसाळ्यातल्या आंबोलीपर्यंत नेऊ. दारावर मराठी आकडे लिहायचे, गावच्या म्हणी ओळखायच्या, वाटेत भेटणारा धनगर कन्नडमिश्रित मराठी बोलेल आणि ती ज्याला समजेल त्यालाच वाट सापडेल. आपल्या पोरांना दोन भाषा येतात हे निदान एका खेळात तरी बलस्थान ठरेल. पंचवीस हजारांत किती होईल मला सांगता येत नाही. एका बेटापुरते झाले तरी चालेल.

चिटणीस म्हणाले, कल्पना नवीन आहे. एका ज्येष्ठ कवींनी विचारले, ‘सर, खेळाला पैसे द्यायचे, मग वाङ्मयाचं काय?’ खजिनदारांनी विचारले, ‘फलक नसेल तर वर्तमानपत्रात फोटो कसा येईल?’ ठरावाला अनुमोदन देणारा एकच निघाला, तोही माझा माजी विद्यार्थी. ठराव बारगळला. खर्चात फक्त अल्पोपाहारातला शिरा तेवढा कमी झाला.

जानेवारीच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे. त्याआधी भाच्याकडून एक कच्चा नकाशा मागवला आहे. बेंगळूरहून त्याचा फोन आला होता. शेवटच्या पहारेकऱ्याला चुकवायची वाट त्याला अजून सापडलेली नाही आणि त्याने मला विचारले, ‘मामा, राजहंसगडावर भुतं किती ठेवायची?’